नर होणं, मादी राहणं : गोड्या पाण्यातल्या कोळंबीची गोष्ट

२००४ सालचा डिसेंबर. कुडाळजवळ माझ्या मावसभावाचं, अण्णांचं, वीस गुंठ्यांचं तळं होतं. जूनमध्ये त्यांनी त्यात गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीची सहा हजार पिल्लं सोडली होती आणि आता तळं काढायचं होतं. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो, त्यामुळे ‘आमचो प्रोफेसर’ म्हणून मलाही अगत्याने बोलावणं होतं. पहाटे पाणी उपसून जाळं ओढलं. काठावर ताडपत्री अंथरली होती, तिच्यावर व्यापाऱ्याचा माणूस कोळंबीची प्रतवारी करायला बसला. तासाभरात तीन ढीग झाले. एका ढिगात निळ्या, लांबच लांब नांग्यांचे मोजके राक्षस. दुसऱ्यात मध्यम आकाराची कोळंबी. तिसरा ढीग सगळ्यांत मोठा, पण त्यातली कोळंबी बोटाएवढी. व्यापारी ‘काउंट’वर भाव देतो, म्हणजे किलोत नग किती बसतात त्यावर. किलोत दहा बसले तर भाव चढा, चाळीस बसले तर पडेल. त्या तिसऱ्या ढिगाने अण्णांचा सगळा हिशेब बुडवला.

अण्णा ढिगांकडे बघत म्हणाले, “सगळी एका दिसाची. खाणा एक, पाणी एक. मगे ही अशी कित्याक?”

मी प्राध्यापकी थाटात सांगून टाकलं, “खाद्य सगळ्यांपर्यंत पोचत नाही, अण्णा. पुढच्या वर्षी वाढवून बघ.”

त्यांनी वाढवलं. त्यासाठी कर्ज काढलं. जास्तीचं खाद्य तळाशी कुजलं, पाणी बिघडलं आणि ढीग पुन्हा तीनच झाले. तिसऱ्या वर्षी तळं बंद पडलं. अण्णांनी मला कधी बोल लावला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. निवृत्तीनंतर मी या कोळंबीवरचं संशोधन मिळेल तसं वाचत गेलो, तेव्हा कळलं की माझं उत्तर अपुरं तर होतंच, पण चूकही होतं. हा लेख म्हणजे त्यांच्या प्रश्नाचं वीस वर्षं थकलेलं उत्तर आहे.

*

या कोळंबीचं शास्त्रीय नाव मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी. बाजारात तिला ‘स्कँपी’ म्हणतात. मूळची ती दक्षिण आणि आग्नेय आशियातली. मोठी झाली की गोड्या पाण्यात राहते, पण तिच्या अळ्या निव्वळ गोड्या पाण्यात जगत नाहीत. अंडी पोटाशी घेतलेली मादी नदीच्या प्रवाहाबरोबर खाडीच्या मचूळ पाण्यापर्यंत उतरते आणि तिथे वाढलेली पिल्लं पुन्हा नदी चढून वर येतात. अळ्यांना मिठाचा अंश लागतो, हे मलेशियात पेनांग इथे काम करणाऱ्या शाओ-वेन लिंग यांच्या लक्षात आलं ते १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला. त्यानंतर हवाईत ताकुजी फुजिमुरा यांनी पिल्लं मोठ्या संख्येने तयार करण्याची रीत बसवली. बीज हातात आल्यावर ही कोळंबी तळ्यात आली.

तळ्यात आल्यावर तिचा स्वभावही उघड झाला. या जातीत नर मोठा आणि मादी लहान. पूर्ण वाढलेला नर ३२ सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो, मादी साधारण २५पर्यंत. पण खरी गंमत नरांमध्येच आहे. इस्रायलमधल्या झिव्हा रानान आणि डॅन कोहेन यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं की एकाच तळ्यातले, एकाच वयाचे नर तीन प्रकारचे होतात. पहिला लहान नर, दुसरा नारिंगी नांगीचा आणि तिसरा निळ्या नांगीचा. निळ्या नांगीचा नर हा तळ्यातला वतनदार. त्याच्या नांग्या शरीराहून लांब असतात. नुकती कात टाकलेली, मऊ पडलेली मादी तो नांग्यांच्या आत राखतो. स्वतः मात्र आता फारसा वाढत नाही. नारिंगी नांगीचा नर भराभर वाढतो आणि तळ्यातल्या सर्वांत मोठ्या निळ्या नरापेक्षा मोठा झाला की मगच स्वतः निळा होतो. लहान नर वाढच रोखून धरतो. वतनदारांच्या नजरेआडून, चोरवाटेने मादीपर्यंत पोचायला त्याला ते छोटेपणच उपयोगी पडतं.

म्हणजे अण्णांच्या ताडपत्रीवरचे तीन ढीग उपासमारीने झाले नव्हते. तळ्यात एक समाज उभा राहिला होता. मोठ्यांच्या सावलीत लहान खुरटले होते, आणि माद्यांची ताकद वाढीपेक्षा अंड्यांवर खर्ची पडली होती. अशा समाजात खाद्य कितीही ओतलं तरी मानपान बदलत नाहीत. मोठे निळे नर वेळच्या वेळी जाळ्याने काढून घेतले असते, तर खालच्यांना वाढायला वाव मिळाला असता. हे मी तेव्हा सांगू शकलो असतो. संशोधन छापून झालेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

*

इथून पुढचा प्रश्न जास्त खोल आहे. मुळात नर हा नर कशाने होतो?

बी.एस्सी.च्या वर्गात कोळंबीचं विच्छेदन ठरलेलं असायचं. मज्जारज्जू मोकळा करायचा, पायांच्या जोड्या ओळीने मांडायच्या, डोक्याच्या भागातलं इवलंसं संतुलनेंद्रिय शोधून काचपट्टीवर बसवायचं. तीस वर्षांत मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी किती कोळंब्या उघडल्या याची गणती नाही. नर ओळखायला आम्ही दुसऱ्या पोहण्याच्या पायावरचा जादा काटा बघायचो. शिवाय नराचं जननछिद्र चालण्याच्या पाचव्या पायाच्या बुडाशी असतं, मादीचं तिसऱ्या पायाच्या. पण त्याच पाचव्या पायाच्या बुडाशी, शुक्रवाहिनीच्या टोकाला चिकटून एक बारीकशी ग्रंथी असते, ती आम्ही दर वेळी शुक्रवाहिनीबरोबर खरवडून टाकून देत असू. सगळं नरपण तिच्यात होतं.

ही ग्रंथी उजेडात आणली फ्रान्सच्या एलेन शार्निओ-कोतों यांनी, १९५४ साली. त्यांचं काम कोळंबीवर नव्हतं, तर समुद्रकाठी उड्या मारणाऱ्या एका चिमुकल्या कवचधारी प्राण्यावर होतं. नरातली ही ग्रंथी काढून त्यांनी मादीत बसवली. त्या मादीच्या अंडाशयाचं रूपांतर वृषणात होऊ लागलं आणि तिला नराची लक्षणं आली. आपल्यासारख्या पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत नरपणाचं संप्रेरक वृषणच तयार करतं. कवचधाऱ्यांनी ही कामं दोन घरांत वाटून दिली आहेत. वृषण शुक्राणू बनवतं, आणि नर व्हायचा हुकूम ही वेगळी ग्रंथी सोडते. ग्रंथी नसेल तर शरीर मादीच्या वाटेने जातं.

१९८० साली चार्ल्स नागामिने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रयोग स्कँपीवर उलटा करून पाहिला. कोवळ्या नरांतली ग्रंथी त्यांनी काढून टाकली. ग्रंथी पुरेशी लवकर काढली, तर त्या नरांत अंडाशय आणि मादीचं जननछिद्र तयार होत होतं. वय वाढल्यावर काढली तर बदल अर्धवटच राहत होता. लिंग जन्माच्या वेळी शिक्का मारल्यासारखं ठरत नाही, ते काही काळ घडत असतं आणि त्या घडण्याला एक मुदत असते, हे इथे स्पष्ट झालं. मराठीत आपण ‘लिंगनिश्चिती’ हा एकच शब्द सगळीकडे वापरतो. खरं तर गुणसूत्रांनी पत्ता सांगणं वेगळं आणि शरीराने त्या पत्त्यावर चालत जाणं वेगळं. दुसऱ्याला लिंगविभेदन म्हणतात, आणि माणसाला हात घालता येतो तो या दुसऱ्या टप्प्यात.

*

हात घालण्याचं कारण उघड होतं. १९८६ साली आमिर सागी आणि सहकाऱ्यांनी नर आणि माद्या वेगवेगळ्या पिंजऱ्यांत वाढवून पाहिल्या. फक्त नरांचं उत्पन्न मिश्र पिंजऱ्यांच्या दीडपटीहून जास्त भरलं. पण शेतकऱ्याने हजारो पिल्लं एकेक करून उलटीपालटी करायची आणि माद्या वेगळ्या काढायच्या, हे परवडणारं नव्हतं. नरांचंच बीज मिळालं तरच यात अर्थ होता.

त्यासाठी या कोळंबीचं गणित समजून घ्यावं लागतं. माणसात स्त्रीची दोन लिंग-गुणसूत्रं सारखी असतात आणि पुरुषाची वेगवेगळी, म्हणून मूल मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं. स्कँपीत, पक्ष्यांप्रमाणे, हे उलटं आहे. नराकडे झेड-झेड अशी सारखी जोडी असते, मादीकडे झेड आणि डब्ल्यू. इथे संततीचं लिंग आईकडून ठरतं.

आता एका कोवळ्या झेड-झेड नराला मादी बनवलं असं धरा. ती अंडी घालेल, पोटाशी वागवेल, बाहेरून आणि वागण्यातही मादीच असेल. पण तिच्याकडे डब्ल्यू नाही. साध्या नराशी तिचा संग झाला तर आईकडून झेड, बापाकडूनही झेड. सगळी पिल्लं नर. अशा मादीला ‘नवमादी’ म्हणू. सागी आणि कोहेन यांनी १९९० साली असे लिंग बदललेले नर आणि त्यांची संतती यांचा अभ्यास मांडला, तेव्हा हे गणित कागदावरून पाण्यात उतरलं.

अडचण शस्त्रक्रियेची होती. नखाएवढ्या पिल्लाच्या पायाच्या बुडातली दिसेल न दिसेल अशी ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली काढायची, पिल्लू जगवायचं, आणि तरीही थोड्याच पिल्लांचं पूर्ण रूपांतर व्हायचं. हा अडथळा ओलांडला तो ग्रंथीतल्या एका जनुकामुळे. ही ग्रंथी जे संप्रेरक बनवते ते इन्शुलिनच्या कुळातलं निघालं. आपल्या रक्तातली साखर सांभाळणाऱ्या रेणूचा हा दूरचा भाऊबंद कोळंबीत नर घडवतो. त्याच्या जनुकाचा क्रम हाती आल्यावर, नेमका तेवढाच संदेश बंद पाडणारा दुपदरी आरएनए तयार करता येऊ लागला. आरएनएने जनुकाला गप्प करण्याची ही युक्ती १९९८ साली उलगडली होती आणि तिला २००६चं नोबेल मिळालं. बेन-गुरियन विद्यापीठात टोमर व्हेंचुरा, सागी आणि सहकाऱ्यांनी ती कोळंबीवर वापरली. २००९ साली त्यांनी दाखवलं की टोचणी चालू असेतो नराची शुक्राणुनिर्मिती थांबते आणि नरलक्षणं मागे हटतात. २०१२ साली, लवकर सुरुवात करून, त्यांनी झेड-झेड नराची अंडी घालणारी मादी बनवली. तिची पिल्लं सगळी नर निघाली.

इथे एक शंका वाचकांच्या मनात येणारच. हा जनुकबदल झाला का? नाही. टोचलेला आरएनए काही काळाने शरीरात मोडून जातो. डीएनएत काही घातलेलं नसतं आणि काढलेलंही नसतं. शिवाय टोचणी होते आईला, ताटात येतात ती तिची लेकरं.

*

मग जीनोम कशाला हवा? एक कारण व्यवहारातलं. झेड-झेड नवमादी आणि साधी झेड-डब्ल्यू मादी यांत डोळ्यांना फरक दिसत नाही. चुकून साधी मादी हौदात राहिली की सगळं बीज मिश्र. झेड आणि डब्ल्यू यांच्या डीएनएत नेमका फरक कुठे आहे हे कळलं, तर पायाचा कणभर तुकडा तपासून निवाडा करता येतो.

पण या कोळंबीचा जीनोम वाचणं सोपं नाही. तिची गुणसूत्रं ११८, म्हणजे ५९ जोड्या. आपल्या २३ जोड्या आहेत. गुणसूत्रं लहान आणि एकसारखी, त्यात एकच मजकूर पुन्हा पुन्हा येणारा. अशी कल्पना करा की देवघरातल्या आरतीसंग्रहाच्या शंभर प्रती कोणी कात्रीने बारीक कापल्या आणि आपल्याला मूळ पोथी जुळवायची आहे. कडव्यांचे तुकडे एकमेकांना जुळतील. पण ज्या तुकड्यावर फक्त ध्रुपद आहे तो कोणत्या आरतीचा, कोणत्या कडव्यानंतरचा? जुन्या तंत्रात तुकडे फार आखूड मिळत. ध्रुपद आणि त्याच्या दोन्ही बाजूंची कडवी एकाच पट्टीवर येतील इतके लांब तुकडे वाचणारी यंत्रं आली, तेव्हा कुठे अलीकडच्या वर्षांत हा जीनोम गुणसूत्रांच्या पातळीपर्यंत जुळवता येऊ लागला.

२०१९ साली बेन-गुरियनच्याच गटाने जीनोमचं वाचन आणि प्रजनन हातात हात घालून पुढे नेलं. आधी त्यांनी झेड-डब्ल्यू माद्यांत नराच्या ग्रंथीच्या पेशी टोचून त्यांना नर बनवलेलं होतं. अशा नराचा साध्या मादीशी संग झाला की चौथा हिस्सा पिल्लं डब्ल्यू-डब्ल्यू होतात, म्हणजे त्यांच्याकडे ‘नराचं’ झेड औषधालाही नसतं. ही पिल्लं मरत नाहीत. धडधाकट माद्या होतात, आणि साध्या नराशी संग झाला तर त्यांची सगळी संतती मादीच निघते. आता पुढचं पाऊल असं की या डब्ल्यू-डब्ल्यू माद्यांतही ग्रंथीच्या पेशी टोचल्या. आणि त्या नर झाल्या, शुक्राणू देणारे आणि पिल्लांचे बाप होणारे खरेखुरे नर. अंगात एकही झेड नसताना.

मी हे वाचून बराच वेळ कागद बाजूला ठेवून बसलो. नर घडवायला लागणारी सगळी सामग्री झेडवर नाहीच. ती इतर गुणसूत्रांवर आहे, म्हणजे प्रत्येक मादीच्या अंगात आहे. तसंच मादी घडवायची सगळी सामग्री प्रत्येक नरात आहे, नाहीतर नवमादीने अंडी कशी घातली असती? झेड आणि डब्ल्यू फक्त एवढंच ठरवतात की कुलूप कधी उघडायचं. घर दोघांचं एकच असतं.

*

आपल्याकडे या विज्ञानाला पैशाची बाजूही आहे. भारतातलं स्कँपीचं उत्पादन २००५च्या सुमारास वर्षाला ४० हजार टनांच्या वर गेलं होतं आणि मग काही वर्षांतच कोसळलं. पिल्लांची शेपटी पांढरी पाडून मारणारा विषाणू आला. पिढ्यान्‌पिढ्या त्याच त्या पालकांपासून घेतलेलं बीज दुबळं झालं. अण्णांचं तळं याच काळातलं. ते बंद पडलं त्यात माझ्या सल्ल्याचा वाटा होता, पण सगळा नव्हता, हे कळल्यावर थोडं हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू? पुढे २००७पासून भुवनेश्वरच्या केंद्रीय गोडे पाणी मत्स्यसंशोधन संस्थेने गुजरात, केरळ आणि ओडिशातल्या कोळंब्या एकत्र आणून निवड पद्धतीने सुधारित वाण तयार करण्याचं काम हाती घेतलं. त्या कामालाही जीनोमचा नकाशा हवाच आहे, कारण वाढीचे आणि रोगाला तोंड देण्याचे गुण कुठे दडलेत हे त्यावरच शोधायचं असतं.

दुसरी बाजू आरोग्याची. सेनेगल नदीवर १९८६ साली दियामा धरण झालं आणि खाडीकडे ये-जा करणारी तिथली मूळ कोळंबी अडली. ती गोगलगाई खाते. गोगलगाई वाढल्या आणि त्यांच्यातून पसरणारा शिस्टोसोमा हा रक्तातला चपटा कृमीही. कोळंबी पुन्हा सोडली तर रोग कमी होतो, असं तिथल्या गावातल्या अभ्यासाने २०१५ साली दाखवलं. पण परक्या पाण्यात कोळंबी सोडायची तर ती बेसुमार वाढणार नाही याची हमी हवी. एकाच लिंगाची पिल्लं सोडली तर ती काम करतील आणि वंश न वाढवता संपतील. हा रोग आपल्याला परका वाटेल, पण भारतात तो नोंदवला गेला तो आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात, १९५२ साली.

आणि तिसरी बाजू मनाची. ‘फक्त नर’ हे शब्द मराठी माणसाने सहज वाचू नयेत. गर्भलिंग परीक्षेवर देशात सर्वांत आधी, १९८८ साली, कायदा करावा लागला तो महाराष्ट्राला. तळ्यातल्या कोळंबीला माणसाचे नियम लावायचे नसतात हे मला समजतं. तरीही हे वाचताना मी अडखळत होतो. म्हणून पुढचं वाचून हसू आलं. डब्ल्यू-डब्ल्यू माद्यांमुळे नुसत्या माद्यांचं बीजही मिळू लागलं, तेव्हा दिसलं की माद्यांच्या तळ्यात वतनदार नसतात. कोणी कोणाला खुरटवत नाही. एकेकीचं वजन नरापेक्षा कमी, पण सगळ्या जवळपास एका मापाच्या, आणि तळ्यात दाट ठेवल्या तरी चालतात. फक्त नर सोडले तर निळे, नारिंगी, लहान हा उतरंडीचा खेळ तिथेही होतोच.

यंदा गणपतीत कुडाळला गेलो तेव्हा अण्णांना हे सगळं सांगितलं. ते आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. ओटीवर बसून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. तळ्यात आता पावसाचं पाणी आणि कमळं असतात. बराच वेळ ते तिकडेच बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे खाणा कमी नव्हता.”

“नव्हतं, अण्णा. माझंच चुकलं होतं.”

त्यांनी मान हलवली आणि आतल्या बाजूला हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला.